वारं गाळून देणारे जिनेंद्र अण्णा

जिनेंद्र अण्णांना पयल्यांदा बघितलं तवा मला वाटलं, ह्या माणसाची अंगठी हरवलीय. हसू नका. तुमी बी तेच म्हटलं असतं. सकाळची वेळ, आमची गल्ली, आणि एक उंच, काटकुळा माणूस मान खाली घालून एकेक पाऊल बघून-बघून टाकत चाललाय. कोपऱ्यापर्यंत गेला, वळला, परत आला. परत गेला. मी दारात उभी. म्हटलं, नवीन शेजारी राहायला आलाय, मदत करायला नको? घरात गेले, खराटा आणला आणि त्याच्या पुढं-पुढं गल्ली खसाखसा झाडत सुटले.

"काय हरवलंय अण्णा? सोन्याची हाय काय?"

माणूस जागच्या जागी थिजला. "आक्का, थांबा, थांबा! मुंग्या हाईत हो!"

म्हणजे बघा. हा माणूस मुंग्यांवर पाय पडू नये म्हणून खाली बघून चालतोय, आणि मी शहाणी त्याच रांगेवर खराटा मारून मदत करतेय. त्यानंतर कितीतरी दिवस ते मी दिसले की बोळातनं वळून जायचे. मला आठवलं की अजून हसू आवरत न्हाय.

तुमी म्हणाल, मंगलआक्का, निपाणीच्या बाजूला नांदायला येऊन केस पिकले, तुमाला जैन माणूस ओळखता आला न्हाय व्हय? ओळखता येतो की. आमच्या गावात अर्धी घरं जैनांची. पण ती माणसं ट्रॅक्टर हाणतात, उसाच्या फडात उभी राहतात, बुलेटवरनं चिकोडीला जातात. असं जमिनीची माफी मागत चालणारा माणूस मी तवाच बघितला.

अण्णा मूळचे चिकोडीकडचे. वडलांची शेती तंबाखूची. त्यांच्या आईनं म्हणे पोराला एका जागी बसवायला लई उपाय केले, मांडीवर दाबून धरलं, शेवटी खांबाला धोतराचा सोगा बांधून ठेवला. पोरगं खांबाभोवती फिरत राहिलं. नोकरी पण तसलीच लागली: निपाणीला पाणी शुद्ध करायच्या टाक्यांवर. नदीचं गढूळ पाणी आत यायचं, वाळूच्या थरांतनं गाळून बाहेर पडायचं, आणि अण्णा दिवसभर एका टाकीवरनं दुसऱ्या टाकीवर. त्यांची बायको क्षमावहिनी मला सांगायची, "नोकरीत गाळायचं, घरी येऊन गाळायचं. माझं लग्न माणसाशी झालंय का गाळणीशी, तेच कळत न्हाय."

घरी म्हणजे असं, की त्यांच्यात पाणी दुहेरी फडक्यातनं गाळल्याशिवाय कुणी तोंडाला लावत न्हाय. आणि गाळून झालं की फडकं पिळून टाकायचं न्हाय. फडक्यात जे बारीक जीव अडकले असतील ते उलटं पाणी ओतून परत त्याच विहिरीत सोडायचे. आपल्याला स्वच्छ पाणी मिळालं, त्यांना त्यांचं घर मिळालं. अण्णा हे काम दुसऱ्या कुणाला करू देत न्हाईत.

रिटायर झाल्यावर अण्णांनी आमच्या गल्लीत घर बांधलं. त्याच वर्षी बस्तीत, म्हणजे जैनांच्या देवळात, एक मुनी महाराज चातुर्मासाला राहिलते. त्यांच्यापुढं अण्णांनी व्रत घेतलं: हालता-चालता जीव जाणूनबुजून मारायचा न्हाय. खोटं बोलायचं न्हाय हे तर त्यांनी आधीच घेतलेलं. मी क्षमावहिनीला म्हटलं, "आता तुमची पंचाईत. आमटीत मीठ जास्त पडलं की लगेच कळणार." ती म्हणाली, "ते व्रत घ्यायच्या आधीपास्नं सांगत्यात."

आता मशिनीचं सांगते.

माझ्या भावाची लेक ऋतिका, उचगावची. बेळगावात शिकली, तिथंच एका प्रयोगशाळेत नोकरीला लागली. एक दिवस जीपमधनं दोन माणसं घेऊन गावात आली, घरं बघत फिरली आणि शेवटी माझ्याकडं चहाला बसली.

"आत्या, एक उंच गच्ची पाहिजे. जवळ चुलीचा धूर नको. हवा मोजायचं मशीन बसवायचंय."

"कुणाची हवा?"

"सगळ्यांचीच. आपण आणि शेजारच्या देशांनी मिळून ठरवलंय. श्रीलंका, बांगलादेश, नेपाळ, मालदीव. सगळीकडं सारखं मशीन, सारखा कागद, एकाच दिवशी लावायचा, एकाच दिवशी काढायचा. कुठला धूर, कुठली धूळ, कुठं जाऊन पडते ते कळेल. समुद्रात किती पडते ते पण."

मला हसू आलं. "आगं, ह्या ओढ्याच्या पलीकडं महाराष्ट्र. तिकडचं गुऱ्हाळ पेटलं, चुलवाणात टायर घातलं, की माझं वाळत घातलेलं लुगडं काळं. भांडायला गेले तर म्हणतात, तुमच्या कर्नाटकात तक्रार करा. दोन राज्यांना एक ओढा सांभाळता येत न्हाय, आणि हे देश-देश एका तागडीत धूळ तोलणार?"

"तोलणार," ऋतिका म्हणाली. "तुझ्या भांडणाची पण तोलणार. बरं, रोज गच्चीवर चढून मशीन चालू हाय का बघणारा माणूस पाहिजे. कंटाळा न करणारा."

मी बोट दाखवलं. जिनेंद्र अण्णा गल्लीत येरझाऱ्या घालतच होते.

असं ते मशीन त्यांच्या गच्चीवर बसलं. पत्र्याची पेटी, वर छत्रीसारखं टोपण, त्याच्यावर दांडीला एक बल्ब. टोपणाखालनं हवा आत ओढली जायची, आत भाकरीएवढा पांढरा कागद. आठवड्यातनं एकदा ऋतिका यायची, मळलेला कागद काढायची, कोरा घालायची. अण्णा खूश. दिवसातनं कितीतरी येळा जिना चढायला कारण मिळालं. क्षमावहिनी त्याहून खूश, कारण माणूस तिच्या पायात-पायात न्हवता.

पण पयला कागद काढला तवा मी बी गच्चीवर होते. ऋतिकानं चिमट्यानं कागद उचलला. त्याच्यावर धुळीबरोबर चिलटं चिकटलेली. मेलेली, पंख पसरून. ऋतिकानं ती चिमट्यानं उचलून बाजूला टाकली, जसे आपण तांदळातले खडे टाकतो. तिला त्याचं काय? कामच तिचं ते.

अण्णांचं तोंड बघवत न्हवतं.

तो आठवडा त्यांनी गल्ली झिजवली. सकाळी येरझाऱ्या, दुपारी येरझाऱ्या. जेवताना उठून परत चालायला लागायचे. आमच्या घरातनं मला नुसतं डोकं दिसायचं, भिंतीवरनं इकडून तिकडं. मी क्षमावहिनीला विचारलं, "काय झालंय?" ती म्हणाली, "मशीन चिलटं खातंय म्हणं. मी सांगितलं, मग परत द्या. तर म्हणत्यात, शब्द दिलाय."

मग एका सकाळी येरझाऱ्या थांबल्या. बघते तर अण्णा गच्चीवर, आणि मशिनीच्या टोपणाला धुतलेल्या पांढऱ्या धोतराचं फडकं दुहेरी करून, दोरीनं नीट आवळून बांधतायत.

"अण्णा, मशिनीला टोपडं शिवलं व्हय? थंडी वाजतीय काय त्याला?"

"वारं गाळून देतोय, आक्का," अण्णा म्हणाले. इतक्या दिवसांत पयल्यांदा हसले. "आपण पाणी गाळून पितो. मग ह्यानं का तसंच प्यायचं? चिलटं बाहेर राहिली, वारं आत गेलं. दोघांचं काम झालं."

मला बी पटलं. खोटं कशाला सांगू, मला लई आवडलं ते. मी खालच्या बायकांना पण सांगितलं, अण्णांनी मशिनीला सोवळं नेसवलंय.

आता ऋतिकाला हे का दिसलं न्हाय, ते पण ऐका. पाणी गाळायच्या फडक्याची जी रीत, तीच ह्या फडक्याची. ऋतिका यायची असेल त्या दिवशी सकाळी अण्णा फडकं हलक्या हातानं सोडायचे, खाली जास्वंदीपाशी नेऊन हळूच झटकायचे, अडकलेली चिलटं पानावर बसली का बघायचे. मग फडकं धुऊन वाळत टाकायचे. ते वाळेपर्यंत ऋतिका येऊन कागद बदलून गेलेली असायची. मग परत बांधायचे. लपवाछपवी काय न्हाय. धुणं होतं ते, बाकी काय.

ती दर खेपेला कागद बघून म्हणायची, "काका, तुमच्याकडची हवा लई चांगली हाय हो." अण्णा म्हणायचे, "काळजी घेतो."

असे बरेच महिने गेले. मग थंडीत बातमी आली. ऋतिकानं फोन केला मला. इतकी हरखलेली की नीट बोलता येईना.

"आत्या! सगळ्या देशांच्या मशिनींमधे तुमच्या गावची हवा सगळ्यांत स्वच्छ! त्या देशांतनं माणसं येणार आहेत बघायला. तंबाखूच्या पट्ट्यात अशी हवा कशी, म्हणून."

गावात नुसता धुरळा उडाला. आमचा पंचायतीचा अध्यक्ष महादेव, त्याला तर अंगावर मूठभर मांस चढलं. का, ते सांगते. आमच्या शाळेला लागून तंबाखू कुटायची शेड हाय, महादेवाच्या मेव्हण्याची. कुटाई चालू झाली की शाळेतली पोरं नाकाला रुमाल लावून कविता म्हणतात. मी स्वतः वखारीत तंबाखू चाळून-चाळून खोकला घेऊन बसलेली बाई. आमी साऱ्या बायकांनी मिळून अर्ज दिलता की शेड गावाबाहेर हलवा. महादेव चावडीवर उभा राहिला आणि म्हणाला, "एवढ्या देशांत आपली हवा चोख! आणि ह्या बायका खोकतात. खोकला ह्यांच्या मनात हाय." आमचा अर्ज त्यानं बाजूला सारला. पाहुणे येतील त्या दिवशी शाळेच्या पटांगणात जिनेंद्र अण्णांचा सत्कार ठरला, फेटा, शाल, नारळ.

त्या संध्याकाळी, दिवे लागायच्या आधीच, अण्णा माझ्या दारात. बसा म्हटलं तर बसेनात. हातात ते फडकं.

"मंगलआक्का, फडकं काळं व्हतंय."

"मग धुवा की. क्षमावहिनी आजारी हाय काय?"

"तसं न्हवं. फडकं काळं व्हतंय." त्यांनी ते माझ्यापुढं धरलं. काळं, तपकिरी, तंबाखूच्या वासाचं. "मग कागद पांढरा राहतोय."

मला कळायला जरा वेळ लागला, आणि कळलं तवा हसू आणि घाम एकदमच आला. वारं गाळलं तर नुसती चिलटं थोडीच बाहेर राहणार! धूळ पण फडक्यावरच बसली. ऋतिकाचा कागद एवढे महिने गाळलेलं वारं पिऊन ढेकर देत होता.

"आता?" मी म्हटलं.

"फडकं काढलं तर जीव जातात. ठेवलं तर खोटं व्हतंय." अण्णा दारातनं आत आले, चुलीपर्यंत गेले, परत दारात. "दोन्ही बी सोडता येत न्हाय, आक्का."

"ऋतिकाला सांगून टाका."

"सांगितलं की ती म्हणणार, फडकं काढा. आणि काढायला माझाच हात लागणार."

मी गंमत करायला गेले, "मग मी काढते, माझं व्रत न्हाय." तर म्हणाले, "मी सांगून तुमी काढलं म्हणजे मीच काढलं." ह्या माणसाशी वाद घालायला वकील पाहिजे.

त्यानंतर पाहुणे येईपर्यंत अण्णांनी जे केलं ते बघून मला सुद्धा बसवेना. गच्चीवर जायचे, फडकं सोडायचे. खाली यायचे. अर्ध्या जिन्यातनं परत वर, फडकं बांधायचे. जेवण तर सुटलंच. त्यांची जात सूर्य बुडाला की जेवत न्हाय, आणि अण्णांना सूर्य बुडायच्या आधी बसायला सवडच न्हाय. क्षमावहिनी ताट वाढून जिन्याच्या तोंडाशी उभी, "या हो, ऊन चाललं!" आणि वरनं नुसता दोरी ओढल्याचा आवाज.

"तुमच्या महाराजांनाच विचारून या," ती शेवटी ओरडली.

महाराज तवा चिकोडीला होते. अण्णा पयल्या बसनं गेले. बसमधे बी उभेच राहिले असणार. दुपारी परत आले ते आणखीनच उडालेले.

"काय म्हणाले महाराज?" मी विचारलं.

"मौन हाय त्यांचं."

"मग?"

"मी सगळं सांगितलं. त्यांनी माझ्याकडं लई वेळ बघितलं."

"आणि?"

"आणि डोळे मिटले."

आता ह्याचा अर्थ काय लावायचा? क्षमावहिनी म्हणाली, म्हणजे खरं सांगा. मी म्हटलं, म्हणजे त्यांना झोप आली असंल. अण्णा गल्लीत उतरले, आणि मान खाली घालून चालायला लागले.

पाहुणे आले त्या दिवशी गावचा थाट काय विचारता! पटांगण सारवलेलं, शाळेच्या पोरी फुलं घेऊन उभ्या, आणि तंबाखूची कुटाई बंद. महादेवानंच बंद ठेवायला लावलती. मी क्षमावहिनीच्या कानात म्हटलं, "बघ, आज खोकला माझ्या मनातनं गेला."

गाडीतनं ऋतिका उतरली, तिचे बेळगावचे साहेब उतरले, मग पाहुणे. बांगलादेशचे एक चष्मेवाले गृहस्थ, श्रीलंकेचे एक सावळे, शांत गृहस्थ, नेपाळचा एक हसरा माणूस, आणि मालदीवची एक बाई, डोक्यावर रुमाल, अंगात निळा कुर्ता. नाव आमिनाथ. आमच्या बायकांनी लगेच आमिनाबाई करून टाकलं.

अण्णांना खुर्चीत बसवलं आणि फेटा बांधणारा त्यांच्या डोक्यामागं उभा राहिला. पण अण्णा बसतील तर ना! फेटेवाला म्हणतोय, "अण्णा, मान हलवू नका," आणि मान हलतेच हाय. तिकडं भाषणं चालू. महादेव बोलला, साहेब बोलले. मग आमिनाबाई उठली. ती इंग्रजीत बोलायची आणि ऋतिका मराठीत सांगायची.

"ह्या बाई म्हणतात, त्यांचं बेट समुद्राच्या मधे आहे. तिथं कारखाना नाही, शेत नाही. तरी थंडीत वारं आपल्याकडून समुद्रावर जातं तेव्हा त्यांचा कागद काळा होतो. आकाश धुरकट, पाण्यावर काजळीचा पातळ पडदा. वाऱ्याच्या वाटेवर सगळ्यांत जवळचं मशीन ते तुमचं. आणि तुमचा कागद तर पांढरा. मग त्यांना वाटलं, आपलंच मशीन बिघडलंय. त्यांनी ते कितीतरी वेळा खोललं, साफ केलं, परत लावलं. ह्या वर्षभरात त्यांना एक दिवस धड झोप नाही. म्हणून त्या इथं आल्यात, तुमच्याकडं वारं कुठून येतं ते बघायला."

आमिनाबाईनं अण्णांकडं बघून हात जोडले. शिकायला आलेय, असं म्हणाली.

आणि अण्णा उठले. फेटा अर्धाच झालता. फेटेवाल्याच्या हातात एक टोक, अण्णांच्या डोक्यावर दुसरं, मधे लांबलचक गुलाबी कापड.

"बाई," अण्णा म्हणाले, "तुमचं मशीन बरं हाय. बिघडलोय मी."

अण्णांनी खुर्चीखालनं पिशवी काढली, पिशवीतनं ते फडकं. ह्या खेपेचं न धुतलेलं. दोन्ही हातांनी उघडून धरलं. पांढऱ्या धोतराचं काळं मसोतं झालेलं.

"मी वारं गाळून दिलं मशिनीला. चिलटं मरू नयेत म्हणून. धूळ पण गाळली गेली, हे मला त्या दिवशी बातमी आली तवा कळलं. खोटं बोलायचं म्हणून केलेलं न्हाय. पण खोटं झालंय. आमच्या गावची हवा चोख न्हाय. ही बघा आमच्या गावची हवा."

महादेव घाईघाईनं पुढं आला, हसायचा प्रयत्न करत. "अण्णा, पाहुण्यांपुढं चेष्टा करू नका."

"मी चेष्टा करत न्हाय, महादेव. करता येत असती तर बरं झालं असतं."

ऋतिकाचं तोंड पांढरं पडलं. ती पाहुण्यांना इंग्रजीत सांगायचं सोडून उभीच. "काका, एवढ्या महिन्यांचं काम..." एवढंच म्हणाली आणि शाळेच्या भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. लहानपणी पाटी फुटली की अशीच उभी राहायची ती.

मग साहेबांनीच पाहुण्यांना इंग्रजीत सगळं सांगितलं. आमिनाबाई पुढं आली. फडकं हातात घेतलं, उलटंपालटं केलं, नाकाजवळ नेलं आणि ठसकली. मग असली हसायला लागली की डोक्यावरचा रुमाल सरकला. ऋतिकाला हाक मारून काहीतरी म्हणाली, आणि ऋतिका डोळे पुसत, हसू दाबत मराठीत म्हणाली, "त्या विचारतात, मी माझ्या ऑफिसात काय सांगू? वर्षभर एका धोतरानं फसवलं म्हणून?"

नेपाळवाल्यानं हात वर केला. त्याच्याकडं मशीन सांभाळणारी बाई रोज टोपणावर फूल वाहते, आणि पाकळ्या आत जातात, म्हणाला. श्रीलंकेचे गृहस्थ उठले. ते अण्णांच्या शेजारी जाऊन उभे राहिले, आणि फेट्याचं लोंबतं टोक उचलून नीट अण्णांच्या खांद्यावर ठेवलं.

साहेब मात्र साहेबच. ते महादेवाला म्हणाले, "ह्या स्टेशनचे आत्तापर्यंतचे आकडे रद्द. तुमच्या गावची हवा स्वच्छ आहे, असं आता कुठं म्हणू नका." तसं आमी बायकांनी टाळ्या वाजवल्या. कुणी कशाला वाजवल्या विचारलं न्हाय. मी तर खोकत-खोकत वाजवल्या. महादेव शाल हातात घेऊन उभा होता. ती आता कुणाच्या अंगावर टाकायची हे त्याला कळत न्हवतं. आमच्यातल्या एकीनं तिथंच विचारलं, "अध्यक्ष, मग आमचा अर्ज परत काढताय न्हवं?" पाहुणे बघतायत, तो न्हाय कसा म्हणणार?

पण अण्णांचं अजून संपलं न्हवतं. सगळे मशीन बघायला त्यांच्या गच्चीवर गेले. अण्णा कोपऱ्यात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मशीन दुसऱ्या घरी न्या, साहेब. फडकं बांधणार न्हाय, शब्द देतो. पण बिनफडक्याचं मशीन माझ्या हातनं चालू व्हायचं न्हाय."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "जागा बदलायची म्हणजे सगळ्या देशांची परत संमती. आधीच एक वर्ष गेलंय तुमच्या धोतरात."

आमिनाबाईनं विचारलं, काय चाललंय. ऋतिकानं सांगितलं. ती बाई अण्णांकडं बघून हळू म्हणाली, आणि ऋतिकानं मराठी केलं, "त्या म्हणतात, खरं बोलायला एवढा त्रास करून घेणारा माणूस त्यांना वाऱ्याच्या वाटेवर पाहिजे. तुम्ही सोडू नका."

अण्णा परत चालायला लागले. गच्चीच्या ह्या कठड्यापास्नं त्या कठड्यापर्यंत. आमी सगळे मधे उभे, ते आमच्याभोवती. मला तर गरगरायला लागलं.

तवा क्षमावहिनी बोलली. जिन्याच्या तोंडाशी उभी होती, हातात पाहुण्यांच्या पाण्याचा तांब्या. "अहो, आपण गृहस्थ हाय. मुनी न्हवं. चूल पेटते, दळण व्हतं, नांगर फिरतो, तवा काय जीव जात न्हाईत? ते आपल्याला चुकत न्हाय, हे महाराजांनीच चातुर्मासात सांगितलं. मुद्दाम बोलावून मारू नका, म्हणजे झालं."

अण्णा थांबले. एकदम, जाग्यावर. मग त्यांनी हळूच वर बघितलं. हा माणूस वर बघतो हे मी तवाच बघितलं.

"बोलावतोयच की आपण!" अण्णा म्हणाले. "हे काय हाय?"

मशिनीच्या डोक्यावर, लोखंडी दांडीला, एक मोठा बल्ब. साहेबांच्याच माणसांनी बसवलेला, रात्रभर जळायचा.

"तो राहू दे," साहेब म्हणाले. "तो चोरांसाठी आहे."

"चोर धूळ नेणार व्हय?"

"मशीन नेतील."

"ही पेटी चार माणसांना उचलत न्हाय. आणि मी जिन्यात झोपतो. चोर आला तर माझ्यावर पाय पडंल त्याचा. साहेब, चिलटं दिवसा कुठं येतात? दिवा लागला की येतात. तुमी दिवा लावून पंगतीला बोलावता आणि पंगतीलाच खाता."

"अण्णा, नियमात आहे तो दिवा."

"कुठल्या देशाच्या नियमात?"

साहेब जरा अडखळले. "म्हणजे... आपल्या ऑफिसच्या."

"सगळ्यांनी सारखं करायचं ठरलंय न्हवं? सारखं मशीन, सारखा कागद. तुमीच सांगितलंत. ऋतिका, ह्या बाईंना विचार, त्यांच्या मशिनीवर दिवा हाय काय."

ऋतिकानं विचारलं. आमिनाबाईनं मान हलवली, आणि बरंच काय काय सांगितलं, हातानं वाळू दाखवली, लाट दाखवली.

"नाही म्हणतात," ऋतिका म्हणाली. तिला हसू फुटत होतं. "त्यांचं मशीन किनाऱ्यावर आहे. तिथं वाळूत कासवांची पिल्लं निघतात. दिवा दिसला की पिल्लं समुद्राकडं जायचं सोडून दिव्याकडं येतात आणि मरतात. म्हणून तिथं दिवा लावायचा नाही, असं ठरलंय."

अण्णा साहेबांकडं वळले. अर्धा फेटा डोक्यावर, छाती पुढं.

"कासवाला एक नियम आणि चिलटाला दुसरा? का आमची चिलटं कर्नाटकातली म्हणून?"

बांगलादेशचे चष्मेवाले, त्यांना मराठी एक अक्षर कळत न्हवतं, पण त्यांनी आधी टाळी वाजवली. मग नेपाळवाल्यानं.

"बरं, बरं," साहेब म्हणाले. "काढा तो बल्ब."

"मी कशाला? ज्यानं लावला त्यानं काढायचा."

"अण्णा, आता तुम्ही हट्ट..."

"हट्ट न्हवं. मी हात लावला की म्हणाल, अण्णांनी परत मशिनीत काहीतरी केलं."

क्षमावहिनीनं खालनं स्टूल आणलं. साहेब बूट काढून स्टुलावर चढले, एका हातानं लोखंडी दांडी धरली आणि बल्ब फिरवायला लागले. आणि अण्णा खालनं, स्टूल धरून, एका जागी उभे राहून सांगत होते, "उलटीकडं, साहेब. उलटीकडं फिरवा."